फाटकाशी ठेवलेलं इंजिन

सर, पुण्याच्या एका गाडीशौकीन साहेबानं आपल्या दोघांना फसवलं, आणि त्याची शिक्षा मी तुम्हाला दिली. लातूरपासून नांदेडपर्यंत जुन्या इंजिनांच्या धंद्यातल्या प्रत्येक माणसाला मी सांगत फिरलो की हे मास्तर न तपासता इंजिन पास करतात. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. खरं काय ते मला कळलं, तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते.

पेपरात तुमच्यावर चौकट आली होती. नांदेडला किती वर्षं शिकवलं, किती पोरांना लेथवर उभं केलं, सगळं होतं त्यात. इंजिनांबद्दल एक शब्द नव्हता. कसा असेल? तो मीच पुसून टाकला होता. म्हणून लिहायला बसलोय. मी भंगारवाला माणूस, पावतीपलीकडं आयुष्यात काही लिहिलं नाही. पण राग अंगात आहे तोवर लिहून काढतो. उद्या तो निवला तर मी पुन्हा स्वतःच्या सोयीचं बोलायला लागेन. मला मी चांगला ओळखतो.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी नुकताच सायकलवरून हातगाड्यावर आलो होतो. गावात पेढे वाटत होते. नवी ऑफिसं, नव्या जीपा, नवे ठेकेदार. ज्याला त्याला नवं पाहिजे होतं. जुन्या जहागीरदारांच्या, देशमुखांच्या विलायती गाड्या गोठ्यात कडब्याखाली पडलेल्या असायच्या, त्या मी किलोवर घेत होतो. त्यात इंजिन नसायचं. इंजिनं कधीच काढून नेलेली. कुठलं विहिरीवर पाणी उपसत होतं, कुठलं लाकूड कापायच्या गिरणीत, एक तर तंबूतल्या सिनेमाला वीज पुरवत होतं. आणि तिकडं पुण्या-मुंबईला, हैदराबादला पैसेवाले लोक ह्याच गाड्या पुन्हा नव्यासारख्या करायला निघाले होते. बॉडी मिळायची, टायर मिळायचे, इंजिन मिळत नव्हतं. परदेशातून आणायचं म्हणजे गाडीपेक्षा महाग. ते इंजिन आमच्याकडं कंधार-मुखेडच्या रानात गोणपाट पांघरून बसलं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षी आला तो नावापुरता. विहिरी आटल्या, इंजिनं रिकामी झाली, भाव पडले. "अप्पा, तुम्ही दुष्काळावर जगता," असं तुम्ही मला एकदा म्हणालात. मला ते लागलं. पण खोटं नव्हतं. पाऊस चांगला असता तर माझं अंगण रिकामं राहिलं असतं.

आपली ओळखच मुळी एका फसवणुकीतून झाली. अहमदपूरकडच्या एकानं मला तडकलेलं इंजिन विकलं होतं. मी ते घेऊन नांदेडला वेल्डिंगसाठी हिंडत होतो, कुणीतरी तुमच्याकडं पाठवलं. तुम्ही धोतराच्या फडक्यानं ब्लॉक पुसला, नखानं खरवडलं, नख नाकाला लावलं आणि म्हणालात, "अप्पा, हे इंजिन नाही. हा तड्यात भरलेला कपडे धुण्याचा साबण आहे, वरून काळा रंग मारलेला." मी त्या अहमदपूरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याला कशाला? घेताना तुम्ही वास का नाही घेतला?"

तेव्हाच तुम्ही मला समजावून सांगितलं. गाडीतल्या इंजिनाला पुढं रेडिएटर असतो. विहिरीवरच्या इंजिनाला तो नसतो, विहिरीचंच पाणी त्याच्या अंगातून फिरून त्याला गार ठेवतं. विहीर आटत आली की माणूस शेवटच्या दोन बादल्यांसाठी इंजिन ताणतो. पाणी संपतं, इंजिन कोरडं चालतं, त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापतं आणि आतून तडा जातो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तुमचा नियम: दुष्काळात विहिरीवरचं इंजिन पाणी भरून, तापेपर्यंत चालवून बघितल्याशिवाय उचलायचं नाही. पाण्यात बुडबुडे आले, ऑइल दुधाळ झालं, की सोडून द्यायचं. फुकट मिळालं तरी.

ज्या वर्षी माणसांना प्यायला पाणी नव्हतं, त्या वर्षी आपण गावोगाव इंजिनाला पाणी मागत फिरलो, सर. दुसरे व्यापारी फिरत नव्हते. ते टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि उचलायचे. आपला माल महाग नव्हता आणि तडकलेला नव्हता, म्हणून पुण्यापर्यंत माझं नाव झालं. ते नाव तुमच्या कानांवर आणि डोळ्यांवर उभं होतं. तुम्ही माझ्याकडून एसटीचं तिकीट आणि वर्षाला दहा किलो तूरडाळ, ह्यापलीकडं काही घेतलं नाहीत. डाळसुद्धा वहिनींनी सांगितलं म्हणून घेतलीत.

आपलं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. मी भाव करायचो तो बैलबाजारात शिकलेल्या पद्धतीनं, रुमालाखाली. समोरच्याचा हात रुमालात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. तुम्हाला ते बघवायचं नाही. "जो भाव चारचौघांसमोर तोंडानं बोलता येत नाही, त्यात काहीतरी काळंबेरं असतं," असं म्हणायचात. मी म्हणायचो, "सर, तुम्ही पगारावर हाव. भाव करायला लागला असता तर तुम्हीबी रुमाल धुऊन ठिवला असता."

मुखेडच्या पुढं त्या वाडीत गेलो होतो तो दिवस आठवतो का? तिथं सुभद्राबाईंच्या विहिरीवर सहा सिलिंडरचं अमेरिकन इंजिन होतं. पुण्याच्या साहेबाला हवं होतं तेच, वर्षभर शोधत होता तो. बाई थारोळ्याच्या, विहिरीचं उपसलेलं पाणी पडतं त्या दगडावर बसल्या होत्या. नवरा नव्हता, दोन सुना होत्या, पंचवीस एकर कोरडी जमीन होती आणि जीभ विळ्यासारखी. मी रुमाल काढून हात पुढं केला.

"हात मागं घे," बाई म्हणाल्या. "मी काय बैल हाय का? तोंडानं बोल."

"मावशी, विहिरीत बेडूक राहिला न्हाई," मी म्हणालो. "इंजनाचं आता काय लोणचं घालताव?"

"घालते की. मुरलं की बरणी धाडून देते तुझ्या घरी."

तुम्ही तोंड फिरवून हसलात. तासभर मी भाव पाडत होतो, बाई चढवत होत्या. शेवटी मी जिंकलो असं मला वाटलं, आणि बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांनाही तसंच वाटत असावं. मग तुम्ही म्हणालात, "मावशी, दोन घागरी पाणी मिळालं तर एकदा चालवून बघता येईल."

बाईंचा आवाज बदलला. "मास्तर, माझ्या दोन्ही सुना सकाळपासून नदीतल्या झऱ्यावर बसल्यात. वाटीनं भरायल्यात. त्यांना जाऊन सांगताव का, इंजनाला तहान लागली म्हणून?"

तुम्ही खाली बघितलंत. परतीच्या वाटेत मी तुम्हाला बजावलं, "पाण्यानं तपासल्याबिगर उचलू नका. आणि पाणी न्हाई मिळालं तर राहू द्या." तुम्ही म्हणालात, "मी बघतो." मी लातूरला आलो, तुम्ही नांदेडला गेलात.

आठवड्यानं तुमच्या हातची चिठ्ठी घेऊन इंजिन ट्रकनं माझ्या अंगणात आलं. "तपासले. चालेल." दोन शब्द. मी खोका बांधला, लातूरच्या छोट्या रेल्वेनं पुण्याला लावलं. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत माल बदलावा लागायचा, म्हणून मी दरवेळी खोक्यात कडबा ठासून भरायचो. त्या वर्षी कडबा गुरांना मिळत नव्हता. मी तुराट्या भरल्या, तुरीच्या कडक वाळक्या काड्या.

दीड महिन्यानं इंजिन परत आलं. नंबराची पितळी पट्टी तीच, रिव्हेट मारलेली. ब्लॉकच्या बगलेत वीतभर तडा. साहेबाचं इंग्रजी पत्र होतं, कॉलेजातल्या एकाकडून वाचून घेतलं. तुमच्या माणसानं न तपासता माल पाठवला, मराठवाड्यातल्या लोकांच्या शब्दावर विसंबलो ही माझी चूक, वगैरे. "मराठवाड्यातल्या लोकांच्या" हे त्यानं दोनदा लिहिलं होतं. माझ्या डोक्यात आग पेटली. मी त्याला नुकतंच हाती लागलेलं तसलंच दुसरं इंजिन पाठवलं, पदरचं भाडं भरून, तुम्हाला न दाखवता, न विचारता. आणि तुम्हाला तार केली, ताबडतोब या.

तुम्ही दुपारच्या एसटीनं आलात. माझ्या अंगणात उदगीरचे दोन व्यापारी बसले होते, गिरणीवाला होता, हमाल होते. मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तपासलंत?"

"हो."

"पाण्यानं?"

"हो."

"त्या वाडीत? जिथं वाटीनं पाणी भरायल्यात तिथं तुम्हाला कुणी पाणी दिलं?"

इंजिनाभोवती एक फेरी मारलीत, खाली वाकलात, आणि मग म्हणालात, "अप्पा, हे उलटं करा. खालची ऑइलची टाकी खोलू. मला आतून बघायचंय."

"आतून काय बघायचंय? तडा वरून दिसायलाय की!"

"उलटं करा. मग बोलू. आपण दोघंच."

"दोघं कशाला?" मी ओरडलो. "रुमालाखालचं तुम्हाला चालत न्हाई ना? मग जे काय हाय ते चारचौघांसमोर बोला!"

हमाल हसले. उदगीरवाल्यातला एक म्हणाला, "मास्तर, पोरांना बी असंच पास करताव का?" तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही एवढंच म्हणालात, "कुर्डुवाडीला आदळलं असेल, तुराट्यांत." तो शब्द मला झोंबला, कारण तुराट्या मी भरल्या होत्या. मग मी जे बोललो ते लिहिणार नाही. तिथं असलेल्या सगळ्यांना आठवतं. तुम्ही पिशवी उचललीत आणि उन्हात चालत स्टँडवर गेलात.

ते इंजिन मी विकलं नाही, वितळवलंही नाही. फाटकाशी दोन दगडांवर ठेवलं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तडा दाखवायचो. "हे बगा मास्तरनं पास केलेलं. म्हणून आता मी स्वतः तपासतो." लोक मान डोलवायचे. नांदेडच्या गॅरेजवाल्यांनी तुम्हाला बोलावणं बंद केलं. कुणीतरी उठवलं की तुम्ही विकणाऱ्याकडूनही पैसे घेता. ते मी उठवलं नव्हतं, पण ऐकलं तेव्हा गप्प बसलो. उन्हापावसात ते इंजिन गंजत राहिलं. माझं अंगण मोठं झालं, शेड झाली, मुलानं ऑफिस थाटलं, आणि ते तिथंच. सून म्हणायची, "मामा, ते काढा की आता तिथून." मी म्हणायचो, "राहू दे. तो माझा पुरावा हाय."

तुमचं एक कार्ड आलं होतं. भांडणानंतर तीनेक महिन्यांनी. "अप्पा, इंजिन उलटे करून टाकी खोलून पाहावे. त्यानंतरही तुमचे मत तेच राहिले तर कळवावे." मला वाटलं, तुम्ही मला शिकवायला निघालात. चुलीत टाकलं. दोन हमाल, एक चेनपुली आणि अर्ध्या तासाचं काम होतं, सर. ते करायला मला तुमच्या मरणापर्यंत सवड झाली नाही.

मधे एकदा नांदेडच्या स्टँडवर दिसलात. तुम्ही म्हातारे झाला होतात, मीही. समोरच्या बाकावरून तुम्ही विचारलंत, "अप्पा, साखर कशी आहे आता?" तुम्हाला माझी शुगर आठवत होती. माझी गाडी लागली नव्हती, तरी मी उठून गेलो. त्या दिवशी नुसतं "बरी हाय" म्हणालो असतो तर पुढं काय काय निघालं असतं, ह्याचा विचार मी आता रोज करतो.

तुम्ही गेल्याच्या आठव्या दिवशी तुमच्या घरी आलो. का आलो, मला सांगता येणार नाही. जिंकलेला माणूस हरलेल्याच्या दारी जाऊन मोठेपणा दाखवतो, तसंही काही असेल मनात. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "या अप्पा. ते इंजिन अजून आहे का फाटकाशी?"

"हाय."

"उलटं केलंत कधी?"

"न्हाई."

वहिनींनी मला समोर बसायला खुणावलं. मग म्हणाल्या, "ते पास केलेल्या प्रत्येक इंजिनाच्या पोटात, टाकी खोलल्यावर दिसणाऱ्या काठावर, टोकदार पंच ठोकून तीन ठिपके मारायचे. जवळजवळ, चुलीच्या दगडांसारखे. कुणाला सांगायचे नाहीत. सांगितलं तर दुसरा कुणीही मारेल म्हणायचे."

मी म्हणालो, "वहिनी, पण त्या वाडीत पाणी नव्हतं."

"नव्हतंच. इथून नेलं. तीन दिवसांनी नळ यायचा आमच्याकडं. त्यातले दोन डबे भरून एसटीत घेऊन गेले. मी केवढी बडबडले! कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं आणि म्हणाला, 'मास्तर, मुखेडच्या पाव्हण्याला पाणी न्यायलाव व्हय? पेढे महाग झाले वाटतं.' घरी येऊन हसत सांगत होते." वहिनींना सांगताना हसू आलं आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "एक डबा इंजिनाला लागला. ते गंजकं पाणी त्या बाईंनी निवळून म्हशीला पाजलं. दुसरा डबा त्यांच्याकडंच ठेवून आले. रिकाम्या हातानं आले म्हणून मी पुन्हा ओरडले."

"हे मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही विचारत होतात का, अप्पा? तुम्ही सांगत होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन हमाल बोलावले. मुलगा म्हणाला, "अप्पा, आता कशाला?" मी त्याच्याकडं बघितलं तसा तो आत गेला. चेनपुली लावून इंजिन उलटं केलं. बोल्ट गंजून एकजीव झाले होते, एकेकाला रॉकेल पाजून सोडवले. टाकी निघाली. काठ घासला, पुसला, चष्मा लावून बोटानं चाचपत चारी बाजू फिरलो. ठिपके नव्हते. मला वाटलं, वहिनींना चुकीचं आठवत असेल. शेडच्या मागं तुम्ही पास केलेलं दुसरं एक इंजिन पडलेलं होतं, त्याचं गिऱ्हाईक फिरकलंच नव्हतं. तेही उलटं केलं. डाव्या काठावर तीन ठिपके. काल मारल्यासारखे स्वच्छ, तेलात मुरलेले.

मी हमालांसमोर खाली बसलो.

फाटकाशी होतं ते आपलं इंजिनच नव्हतं; साहेबाची गाडी त्याच कंपनीची, त्याच वर्षांतली. तिचं मूळ इंजिन तडकलेलं होतं, म्हणून तर तो दुसरं शोधत होता. माझ्याकडून चांगलं घेतलं, त्यावरची नंबराची पितळी पट्टी उचकटून आपल्या तडकलेल्या इंजिनावर ठोकली आणि ते मला परत पाठवलं. वर दुसरंही उकळलं. चार रिव्हेट, बस्स. नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातही कागद करताना पट्टीवरचाच नंबर बघायचे, मीही तोच बघितला. त्या दिवशी तुम्हाला संशय आला होता. चारचौघांसमोर खुणेबद्दल बोलला असतात तर खूण फुकट गेली असती, म्हणून दोघंच बोलू म्हणालात, आणि वेळ मारून न्यायला तुराट्यांचं नाव घेतलंत. आणि मी तुमचेच शब्द तुमच्या तोंडावर फेकले.

पण सर, माझी तक्रार तुमच्यावरही आहे आणि ती मी गिळणार नाही. एक वाक्य लिहिलं असतंत कार्डावर. "हे माझं इंजिन नव्हे." चार शब्द. खूण काय आहे ते नका सांगू, पण एवढं तरी? तुमचा शब्द मला पुरला पाहिजे होता, बरोबर. नाही पुरला. मी तापट माणूस, मला तुम्ही ओळखत होतात. माझ्या साखरेची काळजी होती तर माझ्या अकलेचीही करायची होती. तुमच्या त्या ताठ्यानं आपण दोघंही उभं आयुष्य कोरडे चाललो. आता हे भांडण पुढं न्यायला तुम्ही नाही, आणि मला ते एकट्यानं भांडता येत नाही. प्रत्येक वेळी तुमची बाजू बोलायला गेलो की मीच हरतो.

साहेब हयात आहे. नंबर मिळवून फोन केला. पंच्याऐंशी वर्षांचा आवाज, पण ठणठणीत. माझं नाव ऐकून खूश झाला.

"अरे अप्पा! लातूरचे ना? तुमचं इंजिन अजून एका हाकेत सुरू होतं, बरं का. दरवर्षी रॅलीत नेतो."

"कुठलं इंजिन, साहेब? पहिलं का दुसरं?"

तिकडं आवाज थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मी बघत होतो. बराच फिरला.

"आता एवढं कुठं लक्षात राहतं?"

"पहिलं तडकलेलं होतं म्हणून तुम्ही परत पाठवलंत. मग विचारात का पडलाव?"

"अप्पा," साहेब म्हणाला, "किती वर्षं झाली त्याला. तुम्ही अजून भंगारातच आहात वाटतं." आणि ठेवला. त्यानंतर फोन उचलला नाही.

मी वहिनींकडं परत गेलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय आत घेतले. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना ते इंजिन दाखवलंत त्यांना सांगा." म्हणून हे छापायला देतोय. उदगीरचे ते दोघे व्यापारी आता नाहीत, त्यांच्या मुलांना मी घरी जाऊन सांगितलं. गिरणीवाल्याला सांगितलं. नांदेडच्या जुन्या गॅरेजांत फिरलो, निम्म्या ठिकाणी आता मोबाइलची दुकानं आहेत, तिथंही सांगितलं. तिथली पोरं माझ्याकडं बघत राहिली. जे मला सापडले नाहीत त्यांनी हे वाचावं: सरांनी ते इंजिन तपासलं होतं. पाणी स्वतः वाहून नेऊन तपासलं होतं. खोटा मी होतो.

माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलं. ते पुरेसं नाही, ठाऊक आहे. आता जरा बाजूला व्हा, सर. तुम्हाला आवडणार नाही, पण मला साहेबाशी बोलायचंय.

साहेब, हा लेख तुमच्या घरी पोचेल आणि तुमच्या रॅलीतल्या लोकांकडंही पोचेल, ते मी बघून घेतलंय. तुमच्या गाडीत मी पाठवलेल्या दोन इंजिनांपैकी एक आहे. दुसरं मी सरांना न दाखवताच पाठवलं होतं, त्यावर त्यांची खूण असणं शक्य नाही. पहिल्यावर आहे. एखादा मेकॅनिक बोलवा आणि टाकी खोला. खूण दिसली नाही तर दुसरं कुठं ठेवलंत ते सांगा, मी येऊन तेही उघडून बघतो. मला माझं काही परत नको. इंजिन तुम्हाला लखलाभ. पण एका सरळ माणसाला तुम्ही माझ्या हातानं बेइमान ठरवलंत, आणि त्याची बायको आज नांदेडला भिंतीला टेकून बसली आहे. तिचं वय तुमच्याएवढंच आहे, वेळ दोघांकडंही फार नाही. फोन माझा नका उचलू. तिच्या दारात या, किंवा तिला चार ओळी लिहा, मराठीत, तिला स्वतःला वाचता येतील अशा. तुम्ही ती पट्टी काढलीत की नाही? हो किंवा नाही, ते तिला सांगा.